गोरेवाड्याचे पाणी, जरीपटक्याची नदी

पिवळी नदी गोरेवाडा तलावातून निघते. नागपूरच्या वायव्येला १९१२ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या तलावाभोवती आजही जंगल आहे. पावसाचे पाणी पालापाचोळ्यातून निथळत तलावात उतरते. पुढे नदी मानकापूर ओलांडून जरीपटका, नारा या उत्तर नागपूरच्या वस्त्यांकडे येते आणि नाग नदीला मिळते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. जरीपटक्याच्या बाजूला येईपर्यंत या पाण्याचा काळा नाला झालेला असतो. मधले अंतर काही किलोमीटरचेच आहे, पण शहरातल्या पाणथळ जागांवर माणसाचा काय परिणाम होतो हे कळायला तेवढे पुरते.

तलाव, नदीकाठची दलदल, पावसाळ्यात पाणी साचणारे सखल रान या सगळ्या पाणथळ जागाच. पुराचे पाणी त्या पोटात घेतात आणि सावकाश सोडतात, विहिरींची पातळी राखतात. काठच्या पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या मुळांशी राहणारे जिवाणू थोडीफार घाणही पचवतात. मात्र या पचवण्याला मर्यादा आहे.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी जरीपटका वसवला. त्यानंतर उत्तर नागपूर झपाट्याने पसरले, गटारवाहिन्या त्या वेगाने पसरल्या नाहीत. न्हाणीघर-संडासाचे पाणी जवळच्या नाल्यात आणि नाल्यातून नदीत गेले. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे आणि जलपर्णीचे खतच असते. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी असे पाणी मिळाले की बघता बघता तलाव झाकून टाकते. अंबाझरी तलावात नागपूरकरांनी हे पाहिले आहे. खालच्या पाण्याला मग ऊन मिळत नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो वापरते आणि कुजणारा गाळ उरलासुरला ओढून घेतो. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे.

अशा गाळात चिलटांच्या लाल अळ्या मात्र सुखाने जगतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्याच्या बळावर त्या जवळजवळ प्राणवायू नसलेल्या चिखलातही तग धरतात. त्या टिपायला लांब गुलाबी पायांचे शेकाटे येतात. पक्षी दिसतात म्हणजे पाणी चांगले, हा समज त्यामुळेच फसवा आहे. कोणते पक्षी येतात आणि कोणते यायचे थांबले, हे पाहावे लागते.

घाणीपेक्षाही कायमचे नुकसान भरावामुळे होते. घाण काढता येते. भराव टाकून बांधलेले घर सहसा हटत नाही. नागपुरातले लेंडी तलाव आणि नाईक तलाव अतिक्रमणांनी आक्रसले. नदीला पसरायला जागा उरली नाही की पाणी घरांत शिरते. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसाने अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वाहिली आणि हजारो घरांत पाणी घुसले. नदीला दोन्ही बाजूंनी उंच भिंती घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने पाणी अधिक वेगाने पुढच्या वस्तीवर जाते.

कायद्याचे संरक्षणही अपुरे आहे. पाणथळ जागांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात मानवनिर्मित पाणसाठेही पाणथळ मानले आहेत. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले, ते याच व्याख्येमुळे. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीची पात्रे आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले तलाव वगळले. नागपूरचे बहुतेक तलाव बांधलेलेच, त्यामुळे गोरेवाड्यासारखा तलाव आणि त्यातून निघणारी पिवळी या दोघांनाही या नियमांचा आधार मिळणे अवघड आहे. नागपूरच्याच फुटाळा तलावाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो या नियमांखालची पाणथळ जागा नसल्याचे मान्य केले. त्याच निकालात, सरकार हे नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू केले. उद्या एखादा तलाव बुजवला जाऊ लागला तर नागरिकांना न्यायालयात हे दुसरे वाक्यच उपयोगी पडेल.

संवर्धनाची सुरुवात काठावरच्या कारंज्यांनी नव्हे, सांडपाणी अडवण्याने होते. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, म्हणजे शहराचे मैलापाणीही कामी येऊ शकते. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या थरात पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करतात. तिला वीज फार कमी लागते, त्यामुळे छोट्या नाल्यांच्या तोंडाशी ती वापरता येते. गणेशोत्सवात कृत्रिम टाक्यांत विसर्जन केले की प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग तलावात जात नाहीत.

पाणी सुधारले की वनस्पतींकडे वळावे लागते, आणि यात पूर्व विदर्भातल्या ढीवर या मासेमार समाजाचे ज्ञान मोलाचे आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत या समाजातल्या लोकांनी, त्यातही स्त्रियांनी, बेशरम या उपऱ्या वनस्पतीची झुडपे उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पक्षी घरटी करतात. गोरेवाड्याच्या खाली पिवळीचा जो काठ अजून काँक्रीटमध्ये गेलेला नाही, तिथे हे काम सुरू करता येईल.