कच्चा डाख

फोंडा तालुक्यातील आमच्या शाळेत गेल्या वर्षी दहावीच्या एका विद्यार्थ्याने तासाची घंटा आपोआप वाजवणारे यंत्र तयार केले. ब्रेडबोर्डवर ते सुरळीत चालले. मग सगळे भाग छापील बोर्डावर डाख देऊन बसवले आणि यंत्र मुके झाले. दिवा लुकलुकेना, संगणकाला चिपही ओळखू येईना. ‘‘सर, चिप माझ्या हातून जळली,’’ एवढेच तो म्हणाला. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते, आणि चिप त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणलेली होती.

मायक्रोकंट्रोलर एकामागून एक आज्ञा पाळतो, पण प्रत्येक पावलाला त्याला ठोका लागतो. भजनाला टाळ लागतो तसा. आमच्या एटमेगा ३२८पी चिपला हा ठोका सिरॅमिक रेझोनेटर देणार होता : सेकंदाला १ कोटी ६० लाख. दाबविद्युत सिरॅमिकवर दाब दिला की वीज निर्माण होते आणि वीज दिली की त्याचा आकार किंचित बदलतो. स्फटिकांतील दाबविद्युत गुण पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. आमच्या रेझोनेटरला तीन पाय होते. बाहेरचे दोन चिपच्या ९ व १० क्रमांकाच्या पिनांना, मधला ग्राउंडला. आत दोन इवलेसे कपॅसिटर असतात, ते मधल्या पायाशी जोडलेले. तो पाय सुटला की ठोका सुरू होईलच याचा भरवसा नाही. आणि बाहेरून ठोका घ्यायचा, असे एकदा चिपला सांगून ठेवले की ठोक्यावाचून ती प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. मुकी चिप म्हणजे मेलेली चिप नव्हे.

आम्ही क्रमाने निघालो. आधी वीज तपासली : ५ व्होल्ट नीट मिळत होते. रीसेटची पिनही ५ व्होल्टवर होती. मग रेझोनेटरच्या पायांना मी हळूच बोट लावले, आणि दिवा लुकलुकू लागला! बोट काढताच थांबला. बोटामुळे थोडी धारिता वाढत होती, म्हणजे चिप जिवंत होती आणि संशय रेझोनेटरच्या जोडावर आला.

वीज बंद करून मल्टिमीटरने मधला पाय आणि ग्राउंड तपासले, तर मीटर वाजला. आम्ही फसलोच होतो. पण टोक दाबून धरल्याने पाय डाखाला टेकत होता. हलक्या हाताने टेकवले तेव्हा मीटर गप्प.

मी म्हणालो, ‘‘कोल्ड जॉइंट आहे.’’ त्याने जोडाला बोट लावून पाहिले. थंड आहे का ते! मग मी म्हणालो, ‘‘अरे, कच्चा डाख.’’ त्याचा चेहरा उजळला. ‘‘आजीच्या हंड्यासारखा? वरून बसलेला दिसतो, पण पाणी झिरपतं?’’ तेच ते.

कारणही साधे होते. ग्राउंडचा तांब्याचा पत्रा मोठा, तो उष्णता ओढून घेतो. इतर पायांना पुरलेला वेळ मधल्याला पुरला नव्हता. फ्लक्स लावून, पाय आणि तांबे दोन्ही तापू देऊन डाख पुन्हा वाहू दिला. उरलेला चिकटा अल्कोहोलने पुसला. यंत्र चालू झाले, प्रदर्शनातही वाजले.

पुढे शाळेत लावल्यावर पाच दिवसांत घंटा चार मिनिटे पुढे गेली. हा मात्र बिघाड नव्हता. अशा रेझोनेटरमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत फरक चालतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. दिवा लुकलुकवायला तो पुरतो, घड्याळाला नाही. वेळ राखण्यासाठी आम्ही सेकंदाला ३२,७६८ ठोके देणाऱ्या क्वार्ट्‌झ स्फटिकाचे वेगळे घड्याळ जोडले.

रेझोनेटर, कपॅसिटर हे शब्द मी तसेच वापरतो. मुलांना ते कळतात. पण जिथे घरात शब्द आहे, तिथे तो आधी काढावा. त्या दिवशी दोष मीटरने दाखवला, पण मुलाला तो ‘कच्चा डाख’ या दोन शब्दांनी कळला. आता नवा बोर्ड हाती आला की तो मधल्या पायावर इस्त्री क्षणभर जास्त धरतो.