टाके डॉक्टरांचे, जोड शरीराचा

बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेने किंवा आहार-व्यायामाने चाळीस-पन्नास किलो वजन उतरले, तरी ताणलेली त्वचा पूर्ववत होतेच असे नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिच्यातले इलॅस्टिन आणि कोलॅजनचे तंतू विस्कटलेले असतात. व्यायामाने स्नायू घडतो, कातडी आखूड होत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला ही सैल कातडी घासते, घामाने चिघळते आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये चालणेही नकोसे करते. अशा वेळी थाय लिफ्टचा पर्याय पुढे येतो. जांघेत, गरज पडल्यास थेट गुडघ्यापर्यंत छेद घेऊन जादा कातडी काढायची आणि उरलेली ओढून शिवायची. हे काम काही तासांचे. त्यातून सावरण्याचे काम मात्र काही महिन्यांचे असते आणि यशापयश बरेचसे तिथेच ठरते.

जांघच अवघड का?

टाके घालायला याहून गैरसोयीची जागा शरीरावर क्वचितच सापडेल. घडीमुळे तिथे ओल टिकते, मलमूत्राची जागा जवळ असल्याने जंतूंचा वावर मोठा आणि उठता-बसता टाक्यांवर ताण येतो. पायाकडून वर जाणाऱ्या लसिका वाहिन्याही इथूनच जातात. त्या दुखावल्या तर पायाची सूज दीर्घकाळ राहू शकते. अमेरिकेतील डॉ. लुईस यांनी 1957 मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. पण नुसती कातडीला कातडी शिवली की मांडीच्या ओढीने व्रण खाली घसरे. 1988 मध्ये डॉ. टेड लॉकवूड यांनी त्वचेची कडा जांघेतल्या खोल, चिवट पडद्याला बांधून ठेवण्याची पद्धत मांडली आणि ही अडचण बरीच कमी झाली.

तीन आठवड्यांचे गणित

छेदानंतरचे पहिले काही दिवस दाहाचे असतात: सूज, लाली, ऊब. पांढऱ्या पेशी जखमेची साफसफाई करत असतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करू लागतात आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. हे सुरुवातीचे कोलॅजन म्हणजे घाईत घातलेला कच्चा टाका. पक्की शिलाई पुढे वर्षभर चालते. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम 5 टक्के असते, तिसऱ्या आठवड्याअखेर 20 ते 30 टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के. शंभर टक्के ती कधीच होत नाही.

या वेळापत्रकाचा जुना दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिकत छापली. तीत शुश्रूषेचाही तपशील आहे: ओला कात पट्ट्यांवर पसरून चार दिवस बांधायचा, मग तुपात भिजवलेली फडकी लावायची, पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. आजचे प्लास्टिक सर्जनही तो पट्टा साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. मधल्या काळात भूल आली, प्रतिजैविके आली. नव्या रक्तवाहिन्या रुजायला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

घरी आल्यावर

मांडीच्या शस्त्रक्रियेत मात्र उताणे पडून राहणे धोक्याचे. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी, आधार घेऊन का होईना, थोडे चालवतात. मुंबईत शस्त्रक्रिया करून कसाऱ्यामार्गे नाशिकला परतायचे असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीनेच निघावे आणि वाटेत थांबून चार पावले चालावे.

जखमेत साचणारा द्रव बाहेर काढण्यासाठी ड्रेनची नळी ठेवली असेल, तर चोवीस तासांतला स्राव साधारण 30 मिलीलीटरखाली आल्यावर ती निघते. घट्ट प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे वापरावे लागते. पावसाळ्यात ते वाळत नाही, उन्हाळ्यात घामाने भिजते; म्हणून दोन जोड हवेतच. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय शौचालय आणि दुचाकीवर टांग टाकणे सुरुवातीचे काही आठवडे बंद. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी जमते, जोराचा व्यायाम साधारण सहा आठवड्यांनंतर. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या आणि श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी डॉक्टरांनी होकार देईपर्यंत थांबू शकते.

ताटात काय, जखमेवर काय

बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांत प्रथिने, लोह आणि बी-12 यांची कमतरता नेहमी आढळते. ती आधीच तपासून भरून काढावी. कोलॅजन मजबूत व्हायला क जीवनसत्त्व लागते. उसळ, अंडी, पनीर, पेरू, आवळा हे या काळात औषधाइतकेच मोलाचे. तंबाखू मात्र जखमेचा वैरी: निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळते आणि कडांची त्वचा काळी पडून मरू शकते. सिगारेट सोडली पण मिश्री चालू ठेवली, तर धोका तसाच राहतो. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही दोन्ही बंद हवीत.

हळदीचे काय? जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे 1995 चे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवले. हे ज्ञान आपले जुनेच आहे, हा मुद्दा मान्य झाला. पण म्हणून डब्यातली हळद टाक्यांवर लावायची नाही. ती निर्जंतुक नसते.

जांघेतल्या टाक्यांची कड थोडी उसवणे ही या शस्त्रक्रियेत वारंवार दिसणारी गोष्ट. बहुतेक वेळा ती ड्रेसिंगने भरते. घाबरू नये, पण दाखवावे. ताप, वाढती लाली, दुर्गंधी किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. एकाच पोटरीला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप आणि छातीत कळ आली, तर फोनवर सल्ला विचारत न बसता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर आहे, मधुमेह ताब्यात आहे, सहा आठवडे घरात मदतीला माणूस आहे आणि मांडीवरचा लांब व्रण मनाने स्वीकारला आहे: या चारही गोष्टींना ‘हो’ असेल, तेव्हाच शस्त्रक्रियेची तारीख घ्या.