हृदयाची लय आणि अनुकंपी मज्जातंतू

१९५७ साली येर्वेल व लांगे-नील्सेन या नॉर्वेतील दोघा डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातील सहा मुलांपैकी चौघे जन्मतः बहिरी होती. ती मधूनमधून शुद्ध हरपून कोसळत. तिघे तर अकस्मात मरण पावली. त्यांच्या हृदयाच्या विद्युत्-आलेखात एकच गोष्ट विलक्षण दिसली. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युत्-दृष्ट्या पूर्वस्थितीवर येण्यास नेहमीपेक्षा अधिक अवधी लागत होता. श्रवणदोष नसतानाही हा विकार उद्भवतो, हे पुढे दिसून आले.

या लांबलेल्या अवधीत भीती किंवा श्रम यांमुळे हृदयाला जोराची चेतना मिळाली, तर निलयांची लय बिघडते, मेंदूस रक्त पोहोचत नाही व रोगी मूर्च्छित होतो. ही चेतना आणणाऱ्या तंतूंना अनुकंपी म्हणतात. अनुकंपा म्हणजे दया. परंतु येथे दयेचा संबंध नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हे तंतू नॉरॲड्रिनॅलीन नावाचे द्रव्य सोडतात आणि त्यायोगे हृदय वेगाने व जोराने चालते. त्यांच्या वाटेवर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, मज्जापेशींच्या गाठी माळेप्रमाणे ओवलेल्या असतात. मानेच्या तळाशी असलेल्या गाठीला तिच्या आकारावरून तारकाकृती गुच्छिका हे नाव पडले आहे.

ही माळ प्रथम छेदली गेली ती बहुतांशी दुसऱ्याच हेतूने. बुखारेस्ट येथील शल्यचिकित्सक योनेस्कू यांनी १९१६ साली हृच्छूलाने पीडित अशा एका रोग्याच्या डाव्या बाजूच्या गुच्छिका काढल्या. त्याची लयही बिघडलेली होती. शूळाबरोबर तीही सुधारली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत मॉस व मॅक्डॉनल्ड यांनी उपरोक्त विकाराच्या रोग्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केल्याचे वृत्त दिले. मिलानच्या श्वार्ट्‌झ यांनी इतरांसह २००४ साली १४७ रोग्यांचा आढावा घेतला, तेव्हा झटक्यांचे वार्षिक प्रमाण सरासरी ९१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

डावीच बाजू का? नाडीचा वेग ठरविणाऱ्या केंद्राकडे मुख्यतः उजवे तंतू जातात, तर डाव्यांचा अंमल निलयांवर अधिक असतो. म्हणून डावे काढल्याने नाडी फारशी मंदावत नाही. शल्यचिकित्सक काखेखालील बरगड्यांमधून बारीक छिद्रे पाडून दुर्बीण आत घालतो, फुप्फुस बाजूस सारतो आणि तारकाकृती गुच्छिकेचा खालचा भाग व तिच्याखालच्या छातीतील गुच्छिका काढतो. वरचा भाग मुद्दाम राखावा लागतो. त्यास इजा झाल्यास डावी पापणी खाली उतरते व बाहुली आकुंचित होते. डावा तळहात कोरडा पडणे हे मात्र बहुधा टळत नाही.

छातीत विद्युत्-धक्का देणारे यंत्र बसविता येत असताना तंतू कशाला कापावयाचे, असे कोणी विचारील. यंत्र बिघडलेली लय थांबविते. ती बिघडू नये अशी तजवीज करीत नाही. शिवाय शुद्धीत असताना बसलेल्या धक्क्याच्या वेदनेने व धास्तीने अनुकंपी तंतू अधिकच खवळतात, लय पुन्हा बिघडते, पुन्हा धक्का बसतो. काही तासांत असे अनेक धक्के सोसलेले रोगी आहेत. निलयांत व्रण असलेल्या अशा रोग्यांच्या दोन्ही बाजूंच्या गुच्छिकाही काढतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२१ रोग्यांच्या पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर वर्षभर सुमारे ५८ टक्के रोगी धक्क्यांपासून व दीर्घ लयबिघाडापासून मुक्त राहिले. उरलेल्यांना ते पुन्हा सोसावे लागले. जन्मजात दोष तर या शस्त्रक्रियेने नाहीसा होत नाही. औषधे पुढेही चालूच ठेवावी लागतात.