धावपट्टीची वेस

खानवेलला विमानतळ नाही. साकरतोड नदीकाठच्या या गावातून परदेशी निघायचे म्हणजे सहसा सेलवास, वापी असे टप्पे घेत मुंबई गाठली जाते. तरीही आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत, तो आपल्या घरांपासून दूरचा नाही. सुटीत माहेरी येणारी लेक, नातवंडांना भेटायला निघालेले आजीआजोबा, नोकरीसाठी गेलेला पुतण्या, असे घरातले कोणी ना कोणी विमानात बसतेच; आणि वैमानिक होण्याची उमेद बाळगणारी मुलेमुलीही आता घरोघरी दिसू लागली आहेत.

विमानाची भीती म्हटली की आपल्या मनात आकाश येते. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला तो जमिनीवर. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर आली. एक विमान त्याच पट्टीवरून सावकाश पुढे सरकत होते. दुसऱ्याने परवानगी नसतानाच उड्डाणासाठी धाव घेतली. दोन रेडिओ संदेश एकमेकांवर आदळले आणि नेमके महत्त्वाचे शब्द ऐकूच गेले नाहीत. ५८३ माणसे गेली, ६१ वाचली.

जिथे विमाने उतरतात व उडतात त्या राखीव जागेत एखादे विमान, वाहन अथवा माणूस नको तेव्हा असणे, याला धावपट्टीवरील घुसखोरी म्हणतात. हेतू वाईट असावा लागतो असे नाही. क्षणाचा गैरसमज पुरतो. ९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानासमोर तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर आले. वैमानिकाने विमान वेळीच थांबवले, म्हणून अनर्थ टळला. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या वैमानिकांना भर वेगात असताना धावपट्टीवर जीप व माणूस दिसला. त्यांनी विमान वेळेआधीच उचलले. विमानाच्या अंगाला इजा झाली, पण प्रवासी दिल्लीला सुखरूप उतरले.

मग वैमानिकाने काय करावे? आमच्या मते पहिले काम इंजिन सुरू होण्यापूर्वीचे आहे. विमानतळाचा नकाशा समोर ठेवून, कोणत्या मार्गाने जायचे, वाटेत कोणत्या धावपट्ट्या ओलांडाव्या लागतील आणि पूर्वी कुठे घोटाळे झाले आहेत, हे दोघा वैमानिकांनी आपसांत बोलून घ्यावे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. अशा ठिकाणी तर हे अगत्याचे. नियंत्रण कक्षाने सांगितलेला मार्ग लिहून घ्यावा आणि तो आपल्या विमानाच्या नावानिशी परत म्हणून दाखवावा. विशेषतः ‘अमुक धावपट्टीच्या अलीकडे थांबा’ ही सूचना शब्दशः उच्चारावी. नुसते ‘ठीक आहे’ म्हणणे पुरत नाही.

विमान चालू लागले की कॉकपिटमधील इतर गप्पा बंद. एकाची नजर सदैव बाहेर हवी. कागदपत्रे व तपासणीच्या याद्या शक्यतो उभ्या विमानातच उरकाव्यात. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीवर चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग व दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असल्या, तर ती धावपट्टीची वेस समजावी. परवानगीवाचून ओलांडू नये. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. लाल दिव्यांची आडवी रांग पेटलेली असेल, तर नियंत्रकाने तोंडी ‘या’ म्हटले तरी ती रांग विझेपर्यंत हलू नये, पुन्हा विचारावे. परवानगी मिळाल्यावरही दोन्ही टोकांकडे व उतरणीच्या दिशेने आकाशाकडे पाहून, दिवे लावून मगच पाऊल टाकावे.

वाट चुकल्याची नुसती शंका आली, तरी धावपट्टीबाहेर असताना तिथेच थांबावे आणि ‘आम्ही कुठे आहोत?’ असे स्पष्ट विचारावे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक छोटे विमान नेमून दिलेला मार्ग सोडून दुसऱ्याच मार्गाने थेट धावपट्टीवर गेले. तिथल्या पाट्या व खुणा सदोष होत्या, जमिनीवरचे रडारही चालू नव्हते. ११८ जण प्राणास मुकले. दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारून भागत नाही, हेही त्यातून शिकावे.

अनुभवी माणसेही चुकतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला थांबारेषेपर्यंतच येण्यास सांगितले होते. आत जाण्याची मुभा मिळाली असे समजून ते धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले, आणि उतरणारे मोठे विमान त्यावर आदळले. तटरक्षक विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ माणसे मात्र जळत्या विमानातून बाहेर पडली. त्यांनी सामानाचा मोह सोडला आणि सेवकवर्गाच्या सूचना ऐकल्या, याचा त्यात मोठा वाटा होता.

प्रवासी म्हणून आपल्यालाही यात कर्तव्य आहे. विमान धावपट्टीच्या अलीकडे बराच वेळ उभे राहिले की आपण घड्याळ पाहून चडफडतो. त्या वेळी पुढे बसलेले कोणी कदाचित एखादी सूचना दुसऱ्यांदा विचारून घेत असेल. त्या दोन मिनिटांचा राग धरू नये. आणि ज्या घरातून उद्याचा वैमानिक निघणार आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला एवढे अवश्य शिकवावे की, न कळलेले पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही.