मंगळवारची दुरुस्ती, बुधवारची सकाळ

ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं, की विंडोजची सुरक्षा-दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा द्यायची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात हा गठ्ठा उघडतो तो बुधवारी सकाळी, बिलं काढायच्या घाईत. तेव्हापासून हा क्रम चालू आहे. या काळात विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांनी अपडेटच्या तीन वेगळ्या वाटा धरल्या, आणि असेंबल्ड पीसीवर वाढलेल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्याने त्यांची फळं चाखली. अपडेट किती वेळा येतं, किती जड असतं, मशीन किती स्लो होतं, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. माझ्या मते निकष वेगळा हवा. सुरक्षेतलं भोक बुजवणारी दुरुस्ती आणि कंपनीला खपवायची असलेली नवलाई वेगवेगळी दिली जाते, की एकाच दावणीला बांधली जाते? जिथे ती बांधली गेली, तिथे लोकांनी नवलाईसकट दुरुस्तीही नाकारली. गेल्या दोन दशकांतले मोठे अपघात बहुतेक त्याच नकारातून वाढले.

सुरुवातीला नकारापेक्षा नाइलाज मोठा होता. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा विंडोज एक्स्पीवर पसरला. इंटरनेट जोडलं, की पडद्यावर चौकट यायची आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी होऊन मशीन बंद पडायचं. त्यावरची दुरुस्ती जुलैतच निघालेली होती, पण ती उतरवायला इंटरनेट लागे आणि इंटरनेट जोडलं की किडा शिरे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्स्पीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्याचा पूर्ण संच २६६ एमबीचा. डायल-अप मोडेमवर त्याला बारा-तेरा तास लागले असते, तेही फोनची लाइन अडवून आणि कॉलचे पैसे भरून. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. त्या वेगाने तेच काम सव्वादोन-अडीच तासांवर आलं. ठाण्यात एमटीएनएल आणि कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएल अशी तारांची वाटणी होती, पण स्वस्त योजनांना दोन्हीकडे डेटाची मर्यादा होतीच. त्यात कल्याण-डोंबिवलीचं भारनियमन. अपडेट चालू असताना ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना झळकत राही, आणि यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत मान टाकी. संगणक मासिकांबरोबरच्या सीडीवर सर्व्हिस पॅक मिळे, म्हणून कित्येक मशीनं वाचली.

तारा सुधारल्यावरही अपडेट बंदच राहिलं, कारण आता अडचण विश्वासाची होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून इथे जोडून विकल्या गेलेल्या मशीनवर विंडोज बहुतेक वेळा ‘ओरिजिनल’ नसे. विकणारा फॉरमॅट मारून देताना ऑटो अपडेट स्वतःहून बंद करून देई, आणि गिऱ्हाइकाला ती सेवाच वाटे. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रत खरी की खोटी हे तपासायला सुरुवात केली. नक्कल प्रतीलाही सुरक्षा-दुरुस्ती आपोआप मिळत राहील, असं कंपनीचं धोरण होतं आणि ते शहाणपणाचं होतं, हे मान्य करायला हवं. पण २००६ मध्ये तपासणी करून इशारे देणारा प्रोग्रामच ऑटो अपडेटच्या वाटेने, महत्त्वाची दुरुस्ती म्हणून धाडला गेला. हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं. चोरी पकडण्याचा हक्क कंपनीला होता यात शंका नाही, पण त्यासाठी तिने औषधाची बाटली वापरली आणि लोकांनी औषधावरचाच विश्वास सोडला. अपडेट बंद ठेवा, हा दुकानदाराचा सल्ला त्या दिवसापासून वेदवाक्य ठरला.

मराठीत काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी गुंत्याची. एक्स्पीवर युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि ती केली की मशीन एक्स्पीची सीडी मागे. सीडी हाताशी नसणार हे ओळखून हुशार असेंबलर तिच्यातलं आय३८६ हे फोल्डर आधीच डी ड्राइव्हवर उतरवून ठेवत. डीटीपीवाल्यांना याचीही गरज नव्हती, कारण त्यांचं काम पेजमेकर, श्रीलिपी किंवा आकृती यांच्यावर, युनिकोडपूर्व फॉन्टवर चाले, आणि पॅरलल पोर्टाला प्रोग्रामच्या परवान्याचा डोंगल लावलेला असे. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, पालिका निवडणुकीची पत्रकं, सगळं त्याच मशीनवर. विंडोज बदललं की डोंगल ओळखला जाईना आणि फॉन्ट बिघडत. एक्स्पीला चिकटून बसण्यात अडाणीपणा नव्हता, साधा धंद्याचा हिशेब होता. एक सुरक्षा-दुरुस्ती मिळवण्यासाठी हातातलं काम पणाला लावायला कोण तयार होईल?

जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. ते घडवणारे उदय कुमार आयआयटी मुंबईत शिकलेले. एक चिन्ह विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही घरांत कोणत्या दाराने शिरलं, ते पाहण्यासारखं आहे. १० ऑक्टोबर २०१० ला आलेल्या उबंटू या लिनक्सच्या आवृत्तीत ते होतं, युनिकोडच्या ज्या आवृत्तीने त्याला अधिकृत जागा दिली ती निघण्याच्या एक दिवस आधी. मायक्रोसॉफ्टने मे २०११ मध्ये व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी स्वतंत्र, छोटं अपडेट काढलं. मॅकवाल्यांना ते पुढच्या मोठ्या आवृत्तीबरोबर मिळालं. एक्स्पीला मात्र तेव्हा फक्त सुरक्षा-दुरुस्ती मिळत होती, त्यामुळे हे चिन्ह त्याच्या वाट्याला आलं नाही, आणि या पट्ट्यातली दुकानं तर एक्स्पीवरच होती. ती गरज मंगळुरूच्या फोरेडियन कंपनीच्या फुकट फॉन्टने भागवली. टॅबच्या वरची कळ दाबली की ₹ उमटे. पण खरं अक्षर मागे तसंच राही. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली, की प्रत्येक किमतीच्या आधी ₹ ऐवजी एक बारीक तिरकी रेघ. अशी दरपत्रकं पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. दुरुस्ती आणि नवलाई यांची सीमा नेहमी स्पष्ट असते असं मी म्हणत नाही. रुपयाचं चिन्ह भोक बुजवत नव्हतं, आणि दुकानदाराला ते चैन म्हणूनही नको होतं. अशा मधल्या गोष्टी सुट्या, छोट्या आणि ऐच्छिक द्याव्यात, एवढं मायक्रोसॉफ्टच्या त्या अपडेटवरून शिकता येतं.

दुरुस्ती आणि नवलाई यांची ही विभागणी सर्वांत कडक पाळली ती लिनक्सच्या डेबियनने. स्थिर आवृत्ती निघाली की तिच्यातले प्रोग्राम त्याच क्रमांकावर गोठतात. भोक सापडलं तर नव्या आवृत्तीतली नेमकी तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. उबंटूने २००६ पासून दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या काढून हीच पद्धत घराघरांत जाईल अशी सोपी केली. शिवाय लिनक्समध्ये ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचणारा प्रोग्राम, सगळ्यांची दुरुस्ती एकाच कोठारातून येते. एक्स्पीवर जावा, फ्लॅश आणि अ‍ॅक्रोबॅट रीडर यांची तीन वेगळी भुणभुण चाले. यावरचा आक्षेप उघड आहे: असेल पद्धत उत्तम, पण कल्याणच्या बाजारात लिनक्स वापरतो कोण? टॅली त्यावर थेट चालत नाही, मराठी डीटीपीची पॅकेजेस चालत नाहीत, आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांत पोरं शिकली ती विंडोजवर. आक्षेप बरोबर आहे. बाजाराने प्रोग्राम पाहून घर निवडलं, अपडेटची रीत पाहून कुणीच निवडलं नाही. पण एखादी रीत योग्य की अयोग्य, हे तिच्या गिऱ्हाइकांच्या संख्येवरून ठरत नाही. लिनक्सचे दोष वेगळे आहेत. कर्नल बदलला की ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर रुसतो, वायफाय हरवतं, आणि दुरुस्त करून देणारा माणूस कोपऱ्यावर मिळत नाही.

मॅकबद्दल थोडक्यात पुरे. २०१३ पर्यंत अ‍ॅपल मोठ्या आवृत्तीचे पैसे घेई, मॅव्हरिक्सपासून ती फुकट झाली. खरी किंमत यंत्रात वसूल होते. सर्वसाधारणपणे चालू आवृत्ती आणि आधीच्या दोन, एवढ्यांनाच सुरक्षा-दुरुस्ती मिळते, आणि कोणत्या तारखेला बंद होईल हे मायक्रोसॉफ्टसारखं आधी जाहीर करण्याची पद्धत नाही. २०२५ ची टाहो ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती. ठाण्यातल्या डिझाइन स्टुडिओंना हे परवडतं, कारण यंत्राचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात मुरतो.

विंडोज १० ने २०१५ मध्ये डावच बदलला. विंडोज ७ च्या मशीनवर ‘फुकट अपग्रेड’चं चिन्ह येऊन बसलं आणि कित्येक गिगाबाइटचा संच न विचारता उतरू लागला. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. त्याआधी इंटरनेटच्या डोंगलवर मोजून डेटा वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हा खिशात घातलेला हात होता. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ च्या सुट्या दुरुस्त्याही घरगुती वापरकर्त्यासाठी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या: घ्यायचं तर सगळं घ्या. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावं, तसं लोकांनी अपडेटच बंद केलं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. त्याच्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच निघालेली होती. कॅस्परस्कीच्या पाहणीनुसार बळी पडलेल्यांत सुमारे ९८ टक्के मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे जिला दुरुस्ती मिळत होती त्याच आवृत्तीची. दोष एक्स्पीवर ढकलणाऱ्यांना हा आकडा पुन्हा पुन्हा दाखवायला हवा. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या किड्याने जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. तो मात्र जगात शिरला होता अपडेटच्याच वाटेने, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून.

इथे दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप येतो. लोकांवर सोपवलं तर ते दुरुस्ती कधीच घेत नाहीत, मग सक्ती नको तर काय? दुरुस्तीपुरती सक्ती मलाही मान्य आहे. एका मशीनची भोकं शेजारच्या शंभर मशीनना भोवतात. पण विंडोज १० होमने सक्ती केली ती नवलाईचीही. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीने काहींच्या फाइलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला वाटप थांबवावं लागलं. होमवाल्यांना अपडेट ३५ दिवस पुढे ढकलण्याची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये. आणि विभागणी अशक्य होती असंही नाही: दीर्घकाळ फक्त दुरुस्ती मिळणारी, नवलाईविना राहणारी विंडोज १० ची आवृत्ती पहिल्या वर्षापासून होती, फक्त ती मोठ्या संस्थांना विकली जाई. इथल्या एखाद्या क्लासवाल्याला ती कधी दाखवलीच गेली नाही. निव्वळ दुरुस्तीही घात करते, हेही खरं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलने ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्यावर उपाय म्हणजे दुरुस्ती टप्प्याटप्प्याने सोडणं आणि मागे फिरण्याची वाट ठेवणं. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या एक्सझेड या छोट्या प्रोग्राममध्ये चोरदार सापडलं. ते सगळं नवं आधी घेणाऱ्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते शिरलेलंच नव्हतं.

संस्थांना शिस्त लावायला वरून हुकूम लागतो, हेही या काळात दिसलं. एक्स्पीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली तरी बरीच एटीएम त्यावरच चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळ्या एटीएमवरची एक्स्पी बदलायला सांगितली. घरांना आणि दुकानांना असा कुणी वाली नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. चालू स्थितीतली मशीनं एका अटीमुळे बाद ठरत आहेत. पण या वेळी मायक्रोसॉफ्टने, दबावाखाली का होईना, घरगुती मशीनसाठी वर्षभराची निव्वळ सुरक्षा-दुरुस्ती देऊ केली आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंगचा बॅकअप ठेवला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर.

तेव्हा ‘आता नवंच घ्या, साहेब’ म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन त्या दुरुस्तीसाठी नाव नोंदवा. काम ब्राउझरमध्येच होत असेल तर दुसऱ्या हार्ड डिस्कवर दीर्घ मुदतीचा उबंटू टाकून पाहा. डीटीपीचं डोंगलवालं जुनं मशीन ठेवायचंच असेल तर त्याची इंटरनेटची तार काढून ठेवा. फुकट मिळणाऱ्या दुरुस्तीची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे, आणि तोही महिन्याचा दुसरा मंगळवारच आहे.