ठासणीच्या बंदुकीचा नेम

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग गोळी, आणि वरून गज. आता अडचण कुठे येते ती पाहा. इंग्रजांच्या जुन्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी पाऊण इंच रुंद, आणि गोळी मात्र सुमारे एकोणसत्तर शतांश इंचाची. गोळी मुद्दामच सैल ठेवीत. दारू जळून नळीत काजळी साचते, घट्ट गोळी मग आत जायची कशी? पण सैल गोळी नळीत आपटत बाहेर येते आणि शेवटचा धक्का जिकडे बसेल तिकडे जाते. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे देवाचे नाव घेणेच!

नळीत पिळाचे आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते, हे कारागिरांना फार आधीपासून माहीत होते. पण आट्यांत बसायला गोळी घट्ट हवी, ती ठासण्यात वेळ जाई. शिकाऱ्याला ते चालेल, पण रांगेतल्या शिपायाला कसे चालावे?

आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट, अशी गोळी हवी होती. तुम्ही सायकलच्या पंपातला चामड्याचा वाशर पाहिला असेल. वाटीसारखा असतो, हवेचा दाब आला की फुगून नळीला चिकटतो. नेमके हेच! कॅप्टन नॉर्टन या इंग्रज अधिकाऱ्याला ही कल्पना दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणावरून सुचली, असे सांगतात. त्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा असे. फ्रान्सच्या मिनिए यांनी 1849 साली बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी पुढे आणली. स्फोट झाला की बूड पसरते आणि आट्यांत रुतते. शिसे मात्र शुद्ध, मऊ हवे. भेसळीचे कडक शिसे पसरतच नाही.

1853 च्या एनफील्ड बंदुकीत हीच युक्ती होती. 39 इंचांची नळी, तीन आटे, 78 इंचांत एक वेढा. म्हणजे बाहेर पडेतो गोळी अर्धाच वेढा घेई. तेवढ्याने काम भागे. गोळी नळीहून इंचाच्या हजारांश नऊ भागांनीच लहान होती. म्हणून काजळी मऊ राहावी यासाठी काडतुसाच्या कागदाला, गोळीच्या टोकाकडे, वंगण लावीत. आणि तिथेच घात झाला. दातांनी तोडायचे ते दारूचे टोक, वंगणाचे नव्हे. पण गाईची नि डुकराची चरबी अशी वार्ता जानेवारी 1857 मध्ये डमडमला उठल्यावर हा भेद कोण ऐकणार? खुलाशांवर शिपायांचा विश्वास बसेना. 24 एप्रिलला मेरठला 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसे नाकारली. ती तर जुनीच होती!

पुढे गोळी आणखी बारीक केली आणि तिच्या बुडात लाकडी गुडदी बसवली, म्हणजे ती सहज आत जाऊनही पसरे. 1866 नंतर त्याच एनफील्डांची मागची बाजू कापून त्या मागून भरण्याजोग्या केल्या. गोळी ठासण्याचे काम संपले, पण तिचे बूड पोकळच राहिले.