दम छातीत, घाव मेंदूवर

डोंबिवलीचा मानपाडा म्हटले की वर्तमानपत्राच्या वाचकाला स्फोट आठवतो. शेजारच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ जणांचा बळी गेला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत पुन्हा तेच घडले. मंत्री आले, कॅमेरे आले, चौकशी जाहीर झाली. स्फोटात मेलेला माणूस निदान मोजला तरी जातो. पण ज्याच्या छातीत वीस वीस वर्षे धूळ, धूर आणि रसायनांची वाफ साचत राहते, तो कोणत्या पंचनाम्यात येतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली. ७० च्या वर गुण गेले की तो पट्टा अतिप्रदूषित. डोंबिवलीला मिळाले ७८.४१. जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. रंग दिसला म्हणून बातमी झाली. श्वासावाटे आत जाणाऱ्या बारीक कणांना रंग नसतो, म्हणून त्यांची बातमीही होत नाही.

या कणांमुळे होणारा एक मोठा आजार म्हणजे सीओपीडी. आपल्या वस्त्यांमध्ये त्याला नुसते ‘दम लागणे’ म्हणतात. श्वासनलिका सुजून अरुंद होतात, हवेचे फुगे फाटतात आणि गेलेले फुप्फुस परत येत नाही. देशात १९९० साली याचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ते साडेपाच कोटींवर गेले. ‘बिडी ओढत होता, म्हणून झाले’ हे ठरलेले उत्तर आहे. परंतु त्याच अभ्यासाने दाखवले की या रोगाच्या ओझ्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा ५३.७ टक्के, तंबाखूचा २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के आहे. बिडी वाईटच, ती सोडलीच पाहिजे. पण बिडीच्या आड चिमणी लपवू देऊ नये.

लोकांना वाटते, आजार छातीचा आहे, छातीतच राहील. तसे होत नाही. फुप्फुसातली सूज रक्तात उतरते आणि रक्त सर्व शरीरभर फिरते. या सुजेने धमन्यांचे आतले अस्तर खराब होते, धमन्या ताठर होतात, त्यांत चरबीचे थर बसतात. दुसरीकडे, प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते आणि पायांवर सूज येते. प्राणवायूची तूट भरून काढायला शरीर तांबड्या पेशी वाढवते, त्यामुळे रक्त घट्ट होते आणि गुठळीची भीती वाढते.

आता हेच रक्त मेंदूकडे जाते. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण शरीर वापरते त्यातला पाचवा हिस्सा प्राणवायू एकटा खातो. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात हजारो वृद्धांवर वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासात सीओपीडीच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर सूक्ष्म रक्तस्राव अधिक आढळले. या आजाराचा जोरदार झटका येऊन गेल्यानंतरच्या सात आठवड्यांत अर्धांगाचा धोका सहापटींहून जास्त दिसला. विसराळूपणा, लक्ष न लागणे, हिशेबात चूक होणे हेही या आजारासोबत येते. कर्बवायू अंगात साठला तर सकाळी डोके ठणकते, दिवसा गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो.

आणि या लक्षणांना आपण काय नाव देतो? ‘म्हातारपण आले.’ ‘प्यायला असेल.’ ‘कामात लक्ष नाही.’ मुकादम खाडा मांडतो, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणतो. फुप्फुस कारखान्याने खाल्ले आणि दोष माणसाच्या स्वभावावर टाकला! भट्टी, गटार, झाडू आणि कचरा कोणाच्या वाट्याला आला हे या वाचकांना सांगायला नको. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्या आयांना तर बिडीचाही आरोप लावता येत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराचे शरीर ही मालकाची फुकटची कच्ची सामग्री नव्हे, हा त्यामागचा विचार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत तपासणी देऊ केली आहे. मग मागणी स्पष्ट हवी. ही तपासणी वजन आणि रक्तदाबावर भागवू नये. नळीत जोराने फुंकर मारून होणारी स्पायरोमेट्री झालीच पाहिजे, आणि तिचा कागद कामगाराच्या हातात पडला पाहिजे. कंत्राटी कामगारालाही. सफाई कामगार, नाका कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी ही सोय महापालिकेच्या दवाखान्यात हवी, इनहेलरसह.

तोवर घराघरांत एवढे करा. तीन महिने खोकला हटत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल तर खोकल्याच्या बाटलीवर दिवस काढू नका. अशा रुग्णाला अचानक गुंगी आली, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली तर तासही न दवडता मोठे रुग्णालय गाठा. प्राणवायू फार कमी झालेल्या रुग्णाला तो दिवसाला पंधरा तास दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ च्या अमेरिकन व ब्रिटिश चाचण्यांनी दाखवले. पण सिलिंडरची चावी आपल्या मनाने वाढवू नका, त्यानेही कर्बवायू साठून गुंगी येते.

गेलेले फुप्फुस कुठलेही सरकार परत देऊ शकत नाही. उरलेले वाचवता येते, त्यासोबत हृदय आणि मेंदूही. आपल्या माणसाने डोके चालवावे म्हणून पिढ्या झगडल्या. ते डोके धुराने विझू देणार आहोत काय? येत्या पगाराच्या दिवशी प्रत्येकाने ठेकेदाराला एकच प्रश्न विचारावा: माझ्या छातीची तपासणी कधी?